शब्द यायच्या आधी

"समजा, तुम्ही पेशंटच्या घरी गेलात," सर म्हणाले, "दार उघडलं, आत बोलावलं, सगळं व्यवस्थित, आणि त्यांनी तुम्हाला बसायला," आणि इथे सर थांबले. आधी वाटलं, श्वास घेतायत. श्वास घेऊन झाला. मग वाटलं, चष्म्याचं काहीतरी असेल. चष्माही काढून, पुसून, पुन्हा नाकावर चढवून झाला. पुढच्या शब्दासाठी सरांचं तोंड उघडलेलं होतं, पाहुणे यायचेत म्हणून दार उघडून ठेवावं तसं, पण पाहुण्यांचा पत्ता नव्हता. त्यांचा उजवा हात हवेत उचलला गेला होता आणि बोटं काहीतरी चाचपत होती, पाठ असलेलं, चार पाय असलेलं, कुठल्याही घरात असतं असं काहीतरी. टेबलाच्या अलीकडे प्रवेशाच्या मुलाखतीला आलेली धाकटी बसली होती, खुर्चीत. टेबलाच्या पलीकडे तिघं बसले होते, मध्ये विभागप्रमुख बाई, एका हाताला तरुण व्याख्याता आणि दुसऱ्या हाताला म्हातारे सर, तेही खुर्चीतच. शिवाय कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या खुर्च्यांचा मनोरा होता आणि तो थेट सरांच्या नजरेसमोर होता. शब्द खोलीभर पसरलेला होता. धाकटीच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्यामुळे तिच्याखाली तर तो मघापासून डुगडुगत होता. तिने हात मांडीवर ठेवले, चेहरा मोकळा सोडला, सरांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि थांबली. परीक्षा सुरू झाली आहे हे तिने ओळखलं होतं.

धाकटी हे तिचं घरातलं नाव. थोरली कुणी नव्हती, थोरलाही नव्हता, ती एकुलती एक. पण ती जन्मल्याबरोबर मावशीने "ही आमची धाकटी" असं जाहीर केलं आणि वरची जागा पुढेमागे भरली जाईल अशा थाटात ते नाव तसंच राहिलं. त्या घरात कुणालाच आपलं वाक्य आपण पुरं करता येत नसे. बाबा म्हणायचे, "आज मला जरा," की आई पुढचं उचलायची, "पोटात जड वाटतंय, वाटणारच, काल पुन्हा पुन्हा वाढून घेतलंत," आणि आईचं संपायच्या आत वरच्या मजल्यावर राहणारी मावशी जिन्यातूनच ओरडायची, "गरम पाणी घ्या म्हणावं!" बाबांना खरं तर जरा पेपर हवा असायचा. ते मुकाट्याने गरम पाणी प्यायचे. धाकटी पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा बाईंनी नाव विचारलं. तिने पहिलं अक्षर सांगितलं आणि विश्वासाने थांबली, पुढचं कुणीतरी सांगेलच म्हणून. शाळेत तशी सोय नव्हती. वर्गभर हशा झाला, आणि तो तिला अजून कधी कधी मानेच्या मागच्या बाजूला ऐकू येतो, थंड पाण्याचा थेंब कॉलरमधून आत जावा तसा. आताही, सरांचं तोंड उघडं असताना, तो थेंब मानेवर आला होता आणि खाली जावं की नाही याचा विचार करत होता.

बाबा गाडी शिकवायचे. दोन्ही बाजूंना पेडल असलेली एक पांढरी गाडी, तिच्या टपावर शिकाऊ अशी पाटी, आणि आत दिवसभर बाबांचा आवाज. अर्धं शहर त्यांच्या ओरडण्यावर गाडी शिकलं होतं. घरात त्यांना वाक्य पुरं करायला मिळत नसे म्हणून असेल, पण गाडीत मात्र ते शिष्याला श्वास घ्यायची फुरसत देत नसत. असंच एका सकाळी एक शिक्षिका शिकायला आल्या होत्या. चौकात बाबा म्हणाले, "क्लच." त्यांनी क्लच दाबला. बाबा पुन्हा म्हणाले, "क्लच." दाबलेलाच होता, तरी त्यांनी आणखी जोर लावला. बाबा म्हणाले, "क्लच, क्लच," पण आवाज वेगळाच, कुणाला तरी हाक मारावी तसा. बाईंना वाटलं, फार कडक माणूस आहे. त्यांनी घाबरून चौकाला चुकीच्या बाजूने वळसा घातला आणि बाबा रागावले नाहीत, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी भयंकर झालंय. परवाना नाही, नीट शिकून झालेलं नाही, अशा त्या बाईंनी गाडी एकदाही बंद न पाडता इस्पितळापर्यंत नेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी, वेळेत आणलंत म्हणून वाचले. हात परत आला, पायही बऱ्यापैकी परत आला. बोलण्याचं मात्र घोडं अडलं. याला वाचाघात म्हणतात, सगळं समजतं पण शब्द सापडत नाही, आणि बऱ्याचदा एखादाच शब्द हाताशी उरतो. बाबांच्या हाताशी क्लच उरला.

आईने दोन दिवस रडून घेतलं आणि तिसऱ्या दिवसापासून ती बाबांच्या वतीने बोलायला लागली. बाबा क्लच म्हणाले की आई म्हणायची, उशी उंच हवीय. शेजारी भेटायला आले, बाबा क्लच म्हणाले, की आई शेजाऱ्यांना सांगायची, "ते म्हणतायत, तुमच्या मुलाने ती नोकरी सोडायला नको होती, आणि सोडायचीच होती तर आधी दुसरी बघायची, पण आजकालच्या मुलांना कोण सांगणार." बाबा डोळे विस्फारून आईकडे बघत. आई म्हणे, "बघा, मी बरोबर सांगितलं म्हणून कसे बघतायत." थोड्याच दिवसांत बाबांची मतं आळीभर झाली. धडधाकट असताना त्यांना इतकी मतं नव्हती. वरून मावशी त्यांच्यात भर घालायची. शेवटी शेवटी तर बाबा तोंडही उघडायचे नाहीत, आणि तरी त्यांचं बोलणं घरात चालूच असायचं.

मग बोलण्याच्या थेरपीच्या बाई आल्या. काटकुळ्या, कमी बोलणाऱ्या, खांद्याला चित्रांच्या कार्डांनी फुगलेली पिशवी. त्यांनी पहिल्या दिवशी बाबांसमोर एक कप ठेवला, विचारलं, "चहा हवाय का?" आणि बसून राहिल्या. आई म्हणाली, "हवाच असणार, त्यांची चहाची वेळ—" बाईंनी एक बोट वर केलं. आई थांबली. जिन्यातून मावशी म्हणाली, "साखर कमी!" बाई उठल्या, जिन्याकडचं दार लावून घेतलं, परत येऊन बसल्या. आणि त्या घरात, जिथे भिंतींनाही सारखं काहीतरी ऐकायची सवय होती, तिथे शांतता झाली. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला फ्रिजचा आवाज ऐकू आला. आपला फ्रिज आवाज करतो हे तिला तोवर माहीत नव्हतं. आईने स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. बाबांच्या कपाळावर घाम आला, ओठ क्लचसाठी जमले, आणि मग बाबांनी ते ओठ स्वतःच मोडले, पुन्हा जमवले. धाकटीला त्यांची जीभ दिसत होती. अंधारात ओळखीच्या खोलीत बटण शोधावं तशी ती दातांच्या मागे हात फिरवत होती, इथेच तर होतं, इथेच कुठेतरी. आणि धाकटीची स्वतःची जीभ टाळूला जाऊन चिकटली, अंगावर सरसरून काटा आला. "न," बाबा म्हणाले. "ना. नाही." त्यांना चहा नको होता. कित्येक महिने नको होता, आणि कित्येक महिने ते पीत होते.

पुढचा सगळा आठवडा बाबांनी नकार साजरा केला. आंघोळ? नाही. जेवण? नाही. मग काय उपाशी राहणार? नाही. इतका प्रसन्न माणूस त्या घरात कुणी पाहिला नव्हता. आई रडत म्हणाली, आता लवकरच सगळं बोलतील. मावशी म्हणाली, हे सगळं प्राणायामाने झालं. दारात उभं असताना आपल्याला नेमकं काय झालं ते धाकटीला कुणालाच सांगता आलं नसतं, कारण त्यात रडू अजिबात नव्हतं, आणि वडिलांच्या आजारात मुलीला रडूच यायला हवं असा घराघरांतला नियम आहे.

तिच्या नोकरीत मात्र त्याचा त्रास व्हायला लागला. धुलाईयंत्रांच्या तक्रारी फोनवर घ्यायचं काम होतं. तिथे बोलणं थांबलं की त्याला डेड एअर म्हणत, आणि डेड एअर ही नापास होण्याची गोष्ट होती. ग्राहक गप्प झाला की आपण काहीही बोलायचं, हवामानावर बोलायचं, पण हवा मरू द्यायची नाही. धाकटी थांबायला लागली. एका आजोबांनी फोन केला, "तुमचं मशीन फिरत नाही," आणि गप्प झाले. तिने हवामान काढलं नाही. मग आजोबा म्हणाले, हे सगळं त्यांची बायको बघायची. पुन्हा गप्प. मग म्हणाले, कुठलं बटण आधी दाबायचं ते विचारायचं राहूनच गेलं. पुष्कळ वेळाने लक्षात आलं की मशीनचा प्लगच लावलेला नव्हता. आजोबा हसले, हिनेही हसून घेतलं, आणि संध्याकाळी टीम लीडरने तिला बाजूला घेतलं. "अगं, तुझ्या कॉलमध्ये काय चाललंय काय? ग्राहकाला वाटेल आपण मेलो."

"पण सर, तक्रार मिटली."

"तक्रार मिटवायला कोण सांगतंय? बोल! बोलत राहा!"

त्या संध्याकाळी तिने थेरपीच्या बाईंना विचारलं की हे शिकायचं कुठे. बाई म्हणाल्या, पदवी आहे ना, मग आधी एक वर्षाचा पूर्वतयारीचा वर्ग कर, आणि मग मास्टर्सला अर्ज कर. मग ते वर्ष दिवसा धुलाईयंत्रं आणि संध्याकाळी घसा असं गेलं. प्लास्टिकचा चिरलेला घसा ती घरी घेऊन यायची, बाबा त्यातले भाग कौतुकाने सुटे करायचे, आणि एकदा स्वरयंत्र सोफ्याखाली गेलं ते मावशीच्या पायाला लागलं तेव्हा सापडलं. मग अर्ज आले, आणि अर्जासोबत ते प्रकरण आलं ज्याला हेतूपत्र म्हणतात. हा अभ्यासक्रम आपणास का करावासा वाटतो? मावशीने पेन तिच्या हातात दिलं. "लिही, माझ्या वडिलांच्या आजारपणाने मला हादरवून सोडलं." धाकटीने लिहिलं. "आता लिही, तेव्हापासून मूक जिवांची सेवा हेच माझं—"

"मावशी, मूक जीव म्हणजे गाई वाटतात."

"वाटू देत, संस्था दयाळू होतील. लिही, तळमळ. तळमळ शब्द आलाच पाहिजे." हेतूपत्रात तळमळ इतक्या ठिकाणी आली की वाचणाऱ्याला हिच्या पोटाची काळजी वाटावी. धाकटीने ते दोन ठिकाणी पाठवलं, एक मोठी संस्था आणि एक हे, लहान कॉलेज. पाठवताना तिला एखाद्या अनोळखी बाईचं सामान आपल्या नावावर पाठवल्यासारखं वाटत होतं.

मोठी संस्था रात्रभराच्या प्रवासावर होती. काचेची इमारत, नाव घेतल्यावर समोरचा सावरून बसतो असं नाव. तिथली मुलाखत संगणकाने घेतली. पडद्यावर प्रश्न यायचा, कोपऱ्यात घड्याळ उलटं पळायचं, वेळ संपली की पडदा काळा. संवाद म्हणजे काय, असा प्रश्न आला. धाकटीने नीट विचार केला, फारच नीट केला, आणि म्हणाली, "माझ्या मते संवाद म्हणजे समोरच्याला," आणि पडदा काळा झाला. पंधरा दिवसांनी निवड झाल्याचं पत्र आलं, त्यात तिच्या संक्षिप्त आणि नेमक्या मांडणीचं खास कौतुक होतं. आईने जाताजाता विचारलं, "समोरच्याला काय गं?" आणि उत्तराची वाट न बघता सांगितलं, "मान देणं. बरोबर सांगितलंस." मावशीने ती बातमी दुपारच्या आत सगळीकडे पोचवली. मोठ्या संस्थेत पहिलं वर्षभर नुसती यंत्रं होती, आवाजाच्या लाटा, मेंदूचे नकाशे, पेशंट थेट दुसऱ्या वर्षी. आणि जागा पक्की करायची शेवटची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. इथला निकाल लागायला अजून आठवडा होता. म्हणजे पाचच्या आत तिथे हो म्हणायचं, नाहीतर इथल्या भरवशावर ती जागा सोडायची, आणि मग इथे नाही म्हणाले की पुन्हा वर्षभर धुलाईयंत्रं.

आणि हे लहान कॉलेज म्हणजे एका जुन्या इस्पितळाचा तळमजला. शेजारी इस्पितळाची लॉन्ड्री, त्यामुळे सगळ्या वर्गांना वाफेचा आणि ताज्या इस्त्रीचा वास. अर्जाची सही केलेली प्रत द्यायला आली तेव्हा तिने बोळात बाकावर एक विद्यार्थिनी आणि एक म्हाताऱ्या आजी बसलेल्या पाहिल्या. दोघी गप्प. आजींच्या हातात एका फळाचं चित्र, ओठ अर्धे उघडे. चादरींच्या गाड्या जात होत्या, डॉक्टर जात होते, कुणाचे तरी नातेवाईक जात होते, आणि सगळे त्या दोघींना वळसा घालून जात होते, नुकतीच पुसलेली ओली फरशी असावी तसे. कुणालाच त्या शांततेत काही वावगं वाटत नव्हतं. कुणी फळाचं नाव सांगून मोकळं होत नव्हतं. धाकटी अर्ज हातात धरून तिथेच उभी राहिली आणि चादरींची गाडी तिच्या टाचेवर आदळली तरी तिला पाय बाजूला घ्यायचं सुचलं नाही. तेव्हापासून तिला हेच हवं होतं.

सरांचा हात अजून हवेत होता. खोलीत आता लॉन्ड्रीतलं मोठं यंत्र गरगरताना ऐकू येत होतं, आणि सवयीने धाकटीच्या मनात आलं, याचं बेअरिंग गेलंय. विभागप्रमुख बाई कागदावर पेन टेकवून स्थिर बसल्या होत्या. तरुण व्याख्याता मोठ्या आदराने सरांकडे बघत होता. काय अभिनय आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. धाकटीलाही तेच वाटत होतं. कपाळावरचा घामसुद्धा खरा. बोटं कशी बरोबर पाठीच्या आकारावर फिरतायत. तिच्या जिभेच्या मुळाशी 'खु' तयार होऊन बसला होता, आईकडून, मावशीकडून, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला 'खु', आणि तो बाहेर पडण्यासाठी धक्के मारत होता. तिने तो गिळला. पूर्वतयारीच्या वर्गात शिकवलं होतं, आधी थांबा, मग विचारा. ती हलकेच म्हणाली, "मदत करू का?"

सरांनी जोरात मान हलवली. नाही. बाबांसारखीच, अगदी तीच मान. धाकटी पुन्हा थांबली. आणि त्या थांबण्यात मघाचा मानेवरचा थेंब कुठे गेला ते तिला कळलंच नाही. खोली लख्ख झाली होती. सरांच्या ओठांचा कोपरा, गळ्याची हलणारी गाठ, श्वास घेऊन सोडून दिलेला, पुन्हा घेतलेला, सगळं तिला एकाच वेळी दिसत होतं. तिला पाचची मुदत आठवत नव्हती.

"खुर्ची!" सर ओरडले, आणि आपल्याच खुर्चीच्या हातावर त्यांनी थाप मारली. "खुर्ची, खुर्ची! बसायला खुर्ची दिली नाही तर तुम्ही काय कराल!" मग त्यांनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "अरे, इतकी माणसं बसली आहेत इथे. एकाने तरी सांगायचं!"

तरुण व्याख्याता चाचरला. "सर, म्हणजे, तुम्ही परीक्षा घेत नव्हता?"

"कसली परीक्षा? मला आठवत नव्हतं! चाळीस वर्षं मी लोकांना खुर्चीचं कार्ड दाखवतोय, खुर्चीचं, आणि आज—" ते स्वतःच हसायला लागले. "आणि तुम्ही सगळे माझ्याकडे बघताय, सर्कशीतल्या वाघाकडे बघावं तसे."

"तिने विचारलं होतं, सर," विभागप्रमुख बाई म्हणाल्या. "मदत करू का म्हणून."

"विचारल्यावर मी नाहीच म्हणणार ना! मी सर आहे!"

धाकटीचे कान पेटले. म्हणजे आपण एका खऱ्याखुऱ्या अडलेल्या म्हाताऱ्या माणसाला मुलाखतीत, त्याच्याच सहकाऱ्यांसमोर, घाम फुटेस्तोवर तसंच ठेवलं. साधी माणुसकी असलेल्या कुणीही, आईने, मावशीने, टीम लीडरनेसुद्धा, केव्हाच खुर्ची म्हणून मोकळं केलं असतं. संपलं, धुलाईयंत्रं. पण विभागप्रमुख बाईंनी तिचा अर्ज आणि दुसरीकडच्या प्रवेशांची माहिती तिने आज भरून दिलेला कागद पुढे ओढून वाचला. मग म्हणाल्या, "तुम्हाला मोठ्या संस्थेत जागा मिळाली आहे."

"हो."

"आज शेवटची मुदत आहे त्यांची. मग तुम्ही इथे काय करताय?" आणि उत्तर यायच्या आधीच पुढचं, जरा मऊ आवाजात, "वडिलांसाठी राहताय का? तसं असेल तर नका राहू. आम्ही पुष्कळ पाहिलेत. घरच्यांसाठी येतात, घरचं माणूस बरं झालं की यांचा रस संपतो. नाहीतर बरं झालं नाही म्हणून संपतो."

धाकटीने तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, हेतूपत्रातलं, मावशीचं, सेवा आणि तळमळ. ते जिभेपर्यंत आलं आणि दुसऱ्याचा दात असल्यासारखं लागलं. तिने ते परत पाठवलं. मग काहीच उरलं नाही. बाबा बरे होत होते, आता पूर्ण वाक्य जुळवत होते, आणि धाकटी त्यांच्यावर सराव करते म्हणून हल्ली तिला बघून पेपर तोंडापुढे धरत होते. बाबांसाठी नव्हतंच हे. मग कशासाठी? तिने शब्द शोधायला हात घातला आणि हात पोकळीत गेला. "मला," ती म्हणाली. "मला यात," आणि थांबली. आता कुणीतरी पुढचं बोलणार, असं तिचं सगळं अंग म्हणत होतं. आवड आहे. समाधान मिळतं. काहीतरी करून दाखवायचंय. तिने खांदे आखडून घेतले.

कुणी बोललं नाही. विभागप्रमुख बाईंनी पेन खाली ठेवलं. व्याख्याता पुढे झुकला नाही, मागे रेलला नाही, होता तसाच राहिला. सरांनी, ज्यांना आता कुठे स्वतःचा शब्द मिळाला होता, हात मांडीवर ठेवले आणि चेहरा मोकळा सोडला. तिघं तिच्याकडे बघत होते आणि कुणालाच घाई नव्हती. लॉन्ड्रीतलं यंत्र थांबलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा एक अख्खं रिकामं वाक्य तिच्यापुढे पडलं होतं, फक्त तिचं, आणि त्यात दुसरं कुणी पाय टाकणार नव्हतं. तिला वाटलं होतं, अशी जागा मिळाली की भीती वाटेल. ती आत शिरली. स्वयंपाकघराचं दार होतं, फ्रिजचा आवाज होता, बाबांची जीभ बटण शोधत होती, आणि दारात उभ्या मुलीच्या अंगावर काटा होता. या वेळी तिने त्या मुलीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मुलगी घाबरलेली नव्हती. दुःखी तर मुळीच नव्हती. अगं, तू चक्क!

"मजा," धाकटी म्हणाली. "मला यात मजा येते."

मुलाखतीत न बोलायच्या शब्दांमध्ये हा फार वर असावा. पण एकदा म्हटलाच होता, तर बाकीचं मागोमाग आपल्या पायांनी आलं. "समोरच्याचा शब्द यायच्या आधी जे असतं ना, तेव्हा मला फार मजा येते. वडील एवढे आजारी होते तेव्हासुद्धा आली. मघाशी सर अडकले तेव्हा तर इतकी आली की सांगू नये. आला की आनंद होतोच, पण नाही आला तरी मला कंटाळा येत नाही. दुसऱ्या कुठल्याच कामात मी अशी नसते. तिथे वर्षभर पेशंट नाहीत. मला एवढी वाट बघवणार नाही."

तरुण व्याख्याता आधी हसला, मग विभागप्रमुख बाईंकडे बघून गंभीर झाला. बाई म्हणाल्या, "हेतूपत्रात यातलं काहीच नाही."

"ते मावशीने लिहिलंय."

"तरीच. मला वाटलं तुम्ही गुरांच्या दवाखान्याचा अर्ज चुकून इकडे पाठवला." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "निकाल आठवड्याने लावायची पद्धत आहे."

"आठवड्याने मी हिचं नाव विसरून जाईन," सर म्हणाले. "आत्ता लावा. आणि बाई, हिला आधी माझ्याकडे द्या बुवा. मला ही माझ्या वॉर्डात हवी. फक्त मी अडकलो तर मला सांगायचं! पेशंटला नको, मला!"

"मदत करू का, असं विचारून सांगीन," धाकटी म्हणाली.

"नाही म्हणेन मी."

"मग थांबेन."

सर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. विभागप्रमुख बाईंनी अर्जाच्या कोपऱ्यात सही केली, बाकीच्या दोघांपुढे कागद सरकवला, त्यांनीही केली. "पहिल्या तारखेला या," त्या म्हणाल्या. "पांढरा कोट घालू नका, पेशंट घाबरतात. आणि पहिल्याच दिवशी पेशंट मिळेल, तेव्हा आदल्या दिवशी नीट झोपा."

बोळात ताज्या चादरींचा डोंगर एका गाडीवरून चालला होता. त्याच्याआड कुणी माणूस ढकलणारा होता की नाही ते दिसत नव्हतं, चादरी आपल्याआपणच कामाला निघाल्यासारख्या वाटत होत्या. धाकटीने भिंतीला टेकून मोठ्या संस्थेचा नंबर लावला. जागा पक्की करण्यासाठी एक दाबा, जागा सोडण्यासाठी दोन दाबा. तिने दोन दाबलं. आपण दोन दाबलं आहे, खात्री असल्यास पुन्हा दोन दाबा. तिने पुन्हा दाबलं, इतकं की अंगठ्याचं नख पांढरं झालं. धन्यवाद, आपला दिवस आनंदात जावो, असं यंत्र म्हणालं. तो चाललाच होता. तिला उगीचच पळावंसं वाटत होतं, इस्पितळात पळू नका अशी पाटी समोरच होती, म्हणून ती जमेल तितक्या वेगाने, हात न हलवता, चालत दाराबाहेर आली. ऊन डोळ्यांवर आलं. गाड्या चालल्या होत्या, सिग्नलला एक शिकाऊ गाडी बंद पडली होती आणि मागचे सगळे एकदम बोंबलत होते. तिने घरी फोन लावला.

पहिल्या घंटेतच आईने उचलला. "मिळालं? नाही मिळालं ना? असू दे, मला वाटलंच होतं, मोठी संस्था आहेच, मावशी म्हणत होती की—" पलीकडे काहीतरी खडखडलं. मग बाबांचा आवाज आला, लांबून, एकेक शब्द वीट ठेवावी तसा. "तिला. बोलू. दे."

आणि आई थांबली. फोनमध्ये शांतता झाली. धाकटीला आईचा श्वास ऐकू येत होता, कोंडून धरलेला, प्रचंड कष्टांचा, आणि त्याच्या मागे बाबांचा, सावकाश. जिन्यातून मावशीचाही ऐकू येतोय असं वाटलं, पण तेवढ्या लांबून येणं शक्य नव्हतं. तिघं तिकडे थांबली होती. तिचा शब्द यायच्या आधीची ही जागा तिला आजवर कुणी दिली नव्हती, आणि ती मोठी, उन्हाची आणि फार मजेची होती. धाकटीने जराही घाई केली नाही. समोरचा सिग्नल लाल होऊन पुन्हा हिरवा झाला. मग तिने वाक्य सुरू केलं, आणि ते शेवटपर्यंत एकटीने बोलली.